रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय कशाने?

प्रश्न: माझ्या मिस्टरांची कंबर दीड वर्षापासून दुखतेय. एमआरआयमध्ये थोडी झीज आहे, बाकी काही नाही म्हणाले डॉक्टर. घरातले काहीजण म्हणतात मनाचे खेळ आहेत. मी त्यांना वाकूसुद्धा देत नाही, सगळं हातात आणून देते, तरी दुखणं वाढतंच आहे आणि आता मीच थकलेय. काय करू?

उत्तर: ताई, त्यांना खरंच दुखतंय, यात कुणालाही शंका घेऊ देऊ नका. ३ महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्यात बरेचदा मूळ इजा कधीच भरून आलेली असते, पण नसा आणि मेंदू इतके सेन्सिटिव्ह होऊन बसतात की साध्या हालचालीलाही धोका समजून कळ देतात, आणि हे एमआरआयमध्ये दिसत नाही. उलट झीज दिसते ती काहीच न दुखणाऱ्यांनाही असते, २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कसलाही त्रास नसलेल्या २० वर्षांच्या मुलामुलींपैकी ३७ टक्के जणांच्या मणक्यात ती होती. त्यामुळे झीज शब्दाला एवढं घाबरू नका.

आता तुमच्याबद्दल. मायेपोटीच करताय, कळतं मला, पण सगळं हातात दिलं की स्नायू ढिले पडतात, हालचालीची भीती वाढते आणि मग अजून दुखतं. जे त्यांना जमतं ते त्यांनाच करू द्या, वाकणंसुद्धा. फक्त बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि पुढचे दोन दिवस झोपून काढायचे असं नको. १० मिनिटं झेपत असेल तर ८ मिनिटांनी थांबायचं, दुखो वा न दुखो, आणि दर आठवड्याला थोडं वाढवायचं. सारखं "किती दुखतंय?" विचारण्यापेक्षा "आज काय काय केलंत?" विचारा, हा बदल छोटा वाटतो पण घरातलं बोलणं दुखण्याभोवती फिरायचं थांबतं.

तुमची झोप, तुमचा बाहेर जायचा वेळ अजिबात सोडू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी एक दिवस वाटून द्या. पुढच्या वेळी फिजिओथेरपिस्टकडे दोघं मिळून जा, कारण त्यांना एक सांगितलेलं आणि तुम्ही घरी वेगळंच करताय असं खूपदा होतं.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या. ताप किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरी लवकर दाखवून घ्या.