एकच आवाज, अनेक नावे

प्रश्न : जुन्या ध्वनिमुद्रणांवर हेन्री बर आणि आयर्विंग जिलेट ही नावे वेगवेगळी छापलेली असली, तरी टेनर (पुरुषाचा उंच पट्टीचा) आवाज एकच वाटतो. हे दोघे एकच होते का?

उत्तर : आपल्या कानांनी अचूक ओळखले. १८८२ मध्ये कॅनडातील सेंट स्टीफन येथे जन्मलेल्या या गायकाचे मूळ नाव हॅरी मॅक्लास्की. एडिसन कंपनीच्या सिलिंडरांवर (तबकड्यांआधीच्या नळकांडीसारख्या ध्वनिमुद्रिकांवर) तो जिलेट, तर इतर बहुतेक ठिकाणी हेन्री बर होता. पिअरलेस क्वार्टेट या चौकडीतही तो गात असे. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई, त्याच्या आवाजाच्या जोराने पडदा थरथरे आणि सुई मेणावर खाच पाडी. म्हणून उंच स्वर येताच त्याला किंचित मागे सरकावे लागे, नाहीतर मुद्रणात आवाज फाटे. बरचा स्वच्छ, स्पष्ट शब्दोच्चाराचा आवाज या कर्ण्याला फार मानवला, आणि हजारो मुद्रणे त्याच्या वाट्याला आली ती, माझ्या मते, मुख्यतः यामुळेच. १९२५ मध्ये विद्युत मुद्रण आल्यावर मायक्रोफोनजवळ हळुवार गाणाऱ्यांचे दिवस आले. पुढे बर शिकागोच्या रेडिओवर गात राहिला. १९४१ मध्ये त्याचे निधन झाले.