तोंडाला वास आला म्हणून राजीनामा द्यावा का?

प्रश्न : माझे पती चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षांपासून कायम कामगार असून फोर्कलिफ्ट चालवतात. गेल्या आठवड्यात पहिल्या पाळीला ‘तोंडाला दारूचा वास येतो’ असे म्हणून सुपरवायझरने त्यांना गेटवरूनच परत पाठवले. तपासणी काहीच झाली नाही. आता ‘राजीनामा द्या, सगळा हिशेब मिळेल, नाहीतर बडतर्फ करू’ असे सांगितले जात आहे. आदल्या रात्री त्यांनी घेतली होती, हे खरे आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, राजगुरुनगर

उत्तर : राजीनाम्यावर सही करू नये, हे सर्वप्रथम. एकदा सही झाली की ती दबावाखाली घेतली गेली, हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्या पतींवर येते. हिशेबाची धमकीही वाटते तितकी खरी नाही. भविष्य निर्वाह निधी त्यांचाच आहे आणि पाच वर्षांपेक्षा अधिक सेवा झालेली असल्याने, बडतर्फी झाली तरी ग्रॅच्युइटी आपोआप बुडत नाही. ती रोखण्यासाठी नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा यांसारखी ठरावीक कारणेच लागतात.

नशेत कामावर येणे हे कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींच्या लेखी नियमांत, साधारणपणे गैरवर्तनच मानले जाते, त्यामुळे कारवाई करण्याचा अधिकार व्यवस्थापनाला आहे. मात्र त्यासाठी लेखी आरोपपत्र, उत्तर देण्याची संधी आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेता येईल अशी चौकशी व्हावी लागते. चौकशी होईपर्यंत निलंबित केल्यास पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो.

पुराव्याचे म्हणाल, तर केवळ श्वासाला येणारा वास, अडखळती चाल किंवा असंबद्ध बोलणे यांवरून मद्यपान सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका फौजदारी प्रकरणात म्हटले आहे. खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते, म्हणून या निकालावर सर्वस्वी विसंबू नये. तरीही श्वासचाचणी नाही, रक्ततपासणी नाही, डॉक्टरांचा दाखला नाही, ही त्रुटी लेखी उत्तरात अवश्य नोंदवावी. त्याच उत्तरात ‘घेतलीच नव्हती’ असे खोटे मात्र लिहू नये, कारण चौकशीत ते उघडे पडले तर बारा वर्षांच्या सेवेचा आधारही दुबळा होईल.

आता थोडे कठोर बोलणे भाग आहे. रात्री घेतलेली दारू सकाळच्या पाळीपर्यंत शरीरातून पूर्णपणे गेलेली असतेच असे नाही. वैमानिकांना उड्डाणापूर्वी बारा तास मद्य वर्ज्य असते, ते याचसाठी. फोर्कलिफ्टच्या वाटेत माणसे चालत असतात. त्यामुळे वाहन चालवणाऱ्याच्या बाबतीत न्यायालयेही सैल राहत नाहीत. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाच्या एका चालकाच्या प्रकरणात, त्याने दारूच्या नशेत जवानांचा ट्रक चालवणे हे अत्यंत गंभीर गैरवर्तन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. पंचवीस वर्षांची सेवा लक्षात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली, एवढीच सवलत त्याला मिळाली. सुपरवायझरने तुमच्या पतींना यंत्रावर बसू दिले नाही, हे योग्यच केले. चुकले ते तपासणी न करणे आणि राजीनाम्यासाठी दबाव आणणे.

हा प्रसंग पहिलाच नसेल, रोज घेतल्यावाचून राहवत नसेल, तर उपचार लगेच सुरू करावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींनाही मानसिक आजारात धरतो आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे आणि १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर तुम्ही स्वतःही बोलू शकता. उपचार सुरू केल्याचा दाखला उत्तरासोबत जोडायचा की नाही, हे पतींच्या संमतीनेच ठरवावे. माझे मत जोडावा असे आहे, कारण शिक्षेचे प्रमाण ठरताना सुधारण्याची तयारी विचारात घ्या, असे ठोसपणे म्हणता येते. युनियन असेल तर उत्तर देण्यापूर्वी तिच्या प्रतिनिधीला भेटावे आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.