निम्म्या फीची सवलत मिळते म्हणून कमी पगाराची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की नव्या खासगी शाळेत पगार आत्तापेक्षा कमी आहे, पण मुलाची निम्मी फी माफ होईल, तर रुजू व्हावं का. व्हा. पण सवलत नेमणूकपत्रात लिहून आल्याशिवाय आधीच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

मी ११ वर्षं एका शाळेत गणित शिकवलं. त्यातली ७ वर्षं माझी मुलगी तिथेच होती. मुलाखतीत मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "मुलीची काळजी करू नका, निम्मीच फी भरा." त्या शब्दावर मी रुजू झाले. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग पगारवाढीचा विषय निघाला की सचिव म्हणायचे, "बाई, मुलीची फी धरा की त्यात!" एका सभेत तर त्यांनी 'संस्था तुमच्या मुलांवर करत असलेला खर्च' म्हणून सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला. शाळेचा एकूण खर्च भागिले विद्यार्थी, असा तो काढला होता.

मला राहवलं नाही. उठून विचारलं, "सर, तिच्या वर्गात चार जागा रिकाम्या आहेत. ती नसती तर तुमचा कोणता खर्च वाचला असता? वर्ग तोच, शिक्षक तेच." कुणी काही बोललं नाही. शेजारच्या बाईंनी हात धरून खाली बसवलं: "गप्प बसा हो, मिळतंय तेही जाईल."

पुढच्या वर्षी सवलत निम्म्यावरून पाव झाली, सगळ्यांचीच. 'धोरण बदललं' एवढंच उत्तर मिळालं. मुलगी तेव्हा नववीत, शाळा बदलणं शक्य नव्हतं. पगार मात्र तोच राहिला, जो निम्म्या फीच्या भरवशावर मी कमी स्वीकारला होता.

हाच हिशेब इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. माल्व्हर्न कॉलेज या शाळेतले शिक्षक आपल्या मुलांसाठी एक पंचमांश फी भरत. जागा रिकामी असेल तरच मुलाला घेत. करखात्याचं म्हणणं, या सवलतीवर सरासरी खर्च धरून कर लावायचा. शिक्षक म्हणाले, आमच्या मुलामुळे जो जादा खर्च होतो तेवढाच धरा, आणि तो आम्ही भरलेल्या फीत निघतो. खालच्या न्यायालयांत हरूनही १९९२ मध्ये 'पेपर विरुद्ध हार्ट' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल शिक्षकांच्या बाजूने दिला. खटला कराचा होता, पगाराचा नव्हे, पण रिकाम्या बाकाचा मुद्दा तोच.

तुमच्या नेमणूकपत्रात सवलत कोणत्या फीवर (फक्त शिकवणीची, की बस-परीक्षेचीही), किती इयत्तांपर्यंत, आणि नोकरी मध्येच सुटली तर चालू वर्षाचं काय, हे यायला हवं. मूल शाळेतून बाहेर पडलं की सवलत संपते, कमी पगार तसाच राहतो. निवृत्तीचे लाभही सहसा पगारावर मोजतात, माफ झालेल्या फीवर नाही. म्हणून मूल लहान असेल तर सौदा चांगला, दोनच वर्षं उरली असतील तर पगारासाठी भांडा.

हेही सांगायला हवं, की वर्ग भरलेला असून बाहेर प्रतीक्षायादी असेल, तर शाळा खरोखरच पूर्ण फी सोडत असते. तिथे माझा युक्तिवाद चालणार नाही. ज्यांना मूल नाही अशा सहकाऱ्यांची तक्रारही रास्त आहे, त्यांना त्याच कामाचा मोबदला कमी पडतो. कराचे नियम देशागणिक वेगळे, ते विचारून घ्या.

सभेत मला खाली बसवणाऱ्या त्या बाई अजूनही म्हणतात की मी सभेत उठले म्हणून सगळ्यांचं नुकसान झालं. सवलत पाव करण्याच्या ठरावाची तारीख मी शाळा सोडताना इतिवृत्तात पाहिली. ती त्या सभेच्या दोन महिने आधीची होती.