डोळ्यांत ड्रॉप्स घातल्यावर चुरचुरतं आणि धूसर दिसतं, काय करावं?

मिनिटभर चुरचुरणं आणि पाच-दहा मिनिटं धूसर दिसणं बहुतेक ड्रॉप्समध्ये होतं. जेल किंवा मलम असेल तर धूसरपणा जास्त टिकतो, म्हणून ते झोपताना लावा. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारं औषध घातलं असेल, तर काही तास, कधी दिवसभरही जवळचं नीट दिसत नाही. तोवर गाडी चालवू नका.

एका वेळी एकच थेंब पुरे. डोळ्यात तेवढंही पूर्ण मावत नाही, जास्तीचं गालावर ओघळतं. खालची पापणी ओढून थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं हलका दाबून धरा. चोळू नका. दुसरं औषध पाच मिनिटांनी. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, पंधरा मिनिटांनी परत घाला.

दर वेळी आग होत असेल तर बाटलीवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. हे प्रिझर्व्हेटिव्ह अनेकांना सोसत नाही. डॉक्टरांकडून त्याशिवायचे ड्रॉप्स मागून घ्या. मुदतही तपासा: बऱ्याच बाटल्या उघडल्यावर 28 दिवसांत टाकायच्या असतात.

तीव्र वेदना, पू, उजेड सहन न होणं, दिव्यांभोवती वलयं किंवा नजर अचानक कमी होणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. आणि घरात उरलेले स्टेरॉइडचे ड्रॉप्स कृपया स्वतःहून घालू नका, त्यांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो.