बांधावरची बोर

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी लॅक्स्टन या इंग्लंडातल्या शेतकरी गावाहून परतताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, इथले शेतकरी मिळून खुंट्या ठोकतात, मग आपल्या गावातले लोक हातभर बांधासाठी कोर्टात का जातात?" मी गप्प बसलो. तुला वाटलं, मला राग आला. राग नव्हता गं, लागलं होतं.

तू पाहिलेली खुंटी आठव. डोक्यावर घणाचे घाव ताजे होते, लाकूड पांढरं पडलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी, म्हणजे पंचमंडळी, गव्हाच्या रानातून चालत जाते, कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत किंवा गवताच्या वाटेत नांगर घातला का ते बघते आणि हद्दीवर खुंट्या ठोकते. आठवड्याने पबमध्ये त्यांची सभा बसते, कोर्ट लीट, आणि चुकलेल्याला दंड होतो. तिथली पॅरिश कौन्सिल, म्हणजे आपली ग्रामपंचायत म्हण, ती १८९४ च्या कायद्यातून आली. ही सभा तिच्याहून कितीतरी शतकं जुनी. बाकी इंग्लंडात बहुतेक ठिकाणी अशी बिनकुंपणाची, पट्ट्यापट्ट्यांनी कसलेली मोकळी रानं कुंपणं घालून वाटली गेली. इथे मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड अजून आहेत, आणि त्यातलं एक आळीपाळीने पड राहतं. १६३५ च्या नकाशात एकेक पट्टी काढलेली आहे.

पण सई, दंड कशाचा होतो ते बघ. बांध कोरण्याचाच! म्हणजे ती माणसंही कोरतातच.

आणखी एक. तिथली जमीन कसणाऱ्याची नाही. ती इस्टेटीची, पूर्वी सरकारकडे होती, २०२० पासून थोर्सबी इस्टेटीकडे. शेतकरी कुळं आहेत, त्यामुळे बाप गेल्यावर रानाचे चार तुकडे होत नाहीत. आमच्याकडे तुझ्या पणजोबांच्या आठ एकरांचे चार वाटे झाले. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, वाट्याला दोन एकर आले, त्यात विहिरीचं पाणी पाळीपाळीने. दोन एकरवाल्याला हातभर बांध म्हणजे काय, हे तुला इथे बसून कसं कळावं? त्यात तुझी चूक नाही.

आबा आणि अण्णा सख्खे भाऊ, पण अकरा वर्षं बोलले नाहीत. मोजणी झाली, दगड बसले, तारखा पडत राहिल्या. तुझी आजी मात्र लपूनछपून अण्णांच्या घरी पुरणपोळी पाठवायची, आणि डबा नेऊन द्यायचं काम माझं. अण्णांकडची काकू तो रिकामा कधी परत करायची नाही, मूठभर शेंगा तरी घालायचीच.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मी नऊ वर्षांचा असेन. संध्याकाळी बैल सोडायच्या आधी आबांनी बांधाला लागून नांगराचं एक तास जास्त मारलं. मातीचं ढेकूळ सुटून अण्णांच्या बाजूला पडलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बैलांकडे. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्यावर माझं फार प्रेम होतं, अजूनही आहे, आणि तरी ते तास मला विसरता येत नाही.

म्हणून आपलेच बरोबर असं मी म्हणणार नाही, आणि इथलेच शहाणे असंही नाही. मला एवढंच वाटतं, भांडण कोर्टात जाण्याआधी कुणी गावकऱ्याने अशी खुंटी ठोकली असती, तर आबा-अण्णा एका पंगतीत जेवले असते. आमच्याकडेही पूर्वी पाटील आणि चार जाणते बांधावर येऊन हद्द दाखवायचे, असं आजी सांगायची. मी लहान होतो तोवर ते मागे पडलं होतं.

त्याच बांधावर एक बोर होती. फांद्या दोन्हीकडे. मी आबांच्या बाजूने चढायचो, अण्णांचा बाळू त्याच्या बाजूने, आणि वर गेल्यावर बोरं एकाच टोपीत टाकायचो. नाताळात गावी जायचं का, ते तूच ठरव, मी आग्रह करत नाही. गेलो तर बोरं पिकलेली असतात.

तुझा,
बाबा