ताण संपल्यावर मेंदू पूर्ववत होतो का?

तुम्ही लिहिलंय की वर्षभराची कोर्टकचेरी संपली, निकालही तुमच्या बाजूने लागला, तरी छातीत धडधडतं. तर ताण संपल्यावर मेंदू आपोआप पूर्ववत होतो का? अर्धा होतो. उरलेल्या अर्ध्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं सहा वर्षं वाजलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी एका पतसंस्थेत कॅशियर होतो. एका मार्चअखेरीला कॅशमध्ये ३८,००० रुपयांची तूट निघाली. पुढचे सात महिने रोज संध्याकाळी साडेसहाला साहेबांचा फोन. "आठवलं का काही?" एवढंच विचारायचे, शांतपणे. शेवटी ऑडिटरला सापडलं, एकच भरणा दोनदा जमा धरला होता. पैसे कधी गेलेच नव्हते! साहेबांनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला, घरी आलो, जेवलो, छान झोपलो.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. फोन वाजला की तळहात ओले. मग तो गॅसवाल्याचा असो नाहीतर मेव्हण्याचा. साडेसहाच्या सुमाराला मी फोन तांदळाच्या डब्यात खुपसून वर तांदूळ ओढायचो. तरी तो थरथरला की डब्याचं झाकण किणकिणायचं, आणि मी ओट्याला धरून उभा. बायको काही बोलायची नाही, भात लावायच्या आधी फोन काढून ठेवायची. दादा मात्र बोलायचा. "सुटलास ना? मग आता कसली थेरं? त्या दिवशी तर चांगला पेढे खात होतास."

तर दादासाठी (आणि तुमच्यासाठी) बंगळूरचे उंदीर. एनसीबीएस ही तिथली जीवशास्त्राची संशोधन संस्था, म्हणजे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचंच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) केंद्र. तिथे सुमंत्र चटर्जींच्या गटाने उंदरांना रोज २ तास, असं १० दिवस, हलता येणार नाही असं जखडलं आणि मग मेंदूतल्या पेशींच्या फांद्या मोजल्या. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या होत्या. ते अमेरिकेतल्या ब्रूस मॅक्यूएन यांच्या कामामुळे आधीच माहीत होतं. पण जिथून भीतीचा कारभार चालतो त्या अमिग्डालात फांद्या चक्क वाढल्या होत्या. हे २००२ मधलं. २००४ मध्ये त्यांनी पुढचं पाहिलं. उंदरांना २१ दिवस कुणी हात लावला नाही. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डाला तसाच फोफावलेला, आणि उंदीर तसेच बुजरे.

पुढच्या वर्षीचा प्रयोग तर मी तोंडपाठ केलाय. एकदाच २ तास जखडलं, तर दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काहीच दिसलं नाही. १० दिवसांनी पाहिलं तर पेशींच्या फांद्यांवर नवे काटे (दुसऱ्या पेशींशी जोडणारे बारीक कोंब) फुटलेले. पेढ्यांचा मुद्दा माझ्या मते तिथेच निकालात निघाला.

तुमचं म्हणाल तर, धडधडतंय म्हणजे निकालात काही खोट राहिलीय, असं समजून कागद पुन्हा पुन्हा चाळू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि गोळ्या दिल्या तर चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडू नका. दादाने मला सोडायला लावल्या, मी सोडल्या, तो माझा गाढवपणा. येल विद्यापीठात रोनाल्ड डूमन यांच्या गटाने २००० साली दाखवलं होतं की डिप्रेशनची औषधं उंदरांना काही आठवडे दिली की हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात, थोड्या दिवसांत नाही. दुसऱ्यांदा मी गोळ्या डॉक्टर म्हणेपर्यंत घेतल्या. दादाला सांगितलंच नाही.

मागच्या महिन्यात हे सगळं टाईप करून त्याला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं, "म्हणजे तू उंदीर का?"

आता ते अगदीच चूक नाही म्हणा. १० दिवस जखडलेला उंदीर आणि सात महिने फोन घेणारा कॅशियर एक नव्हेत, माणसाचा मेंदू असा कापून बघताही येत नाही, आणि वाढलेलं कायम तसंच राहतं असंही त्या २१ दिवसांवरून म्हणता येणार नाही. माझा फोन हल्ली टेबलावर असतो. फक्त साडेसहाला मी फिरायला जातो, तो घरीच ठेवून.