जुन्या रूपाचं नवं डायव्हर घड्याळ, घेऊ काय नको?

(घड्याळांबद्दल वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

प्रश्न: सर, मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, सीएनसी आणि सरफेस ग्राइंडर दोन्ही बघतो. जपानच्या सीको कंपनीचं 1965 चं जे जुनं डायव्हर घड्याळ, म्हणजे पाण्यात बुडी मारताना घालायचं, होतं त्याच्यासारखं दिसणारं नवं मॉडेल एसपीबी143 लई आवडलंय, पैसे पण साठवलेत. पण मित्र म्हणायलेत की ही जुन्याची नक्कल आहे, अजून थोडे घाल आणि ऑनलाइन ओरिजिनलच घे. काय करू?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर: रोज हातात घालायचं असेल तर नवंच घ्या, ह्यात मला जरा पण शंका नाही. ओरिजिनल म्हणजे ज्याला लोक 62मास म्हणतात ते, 1965 सालचं, जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ, 150 मीटर पाण्याची हमी असलेलं, जपानच्या अंटार्क्टिका मोहिमेतली माणसं पण तेच घालून गेली होती. त्याचा मान मोठाच आहे. पण ते आता साठ वर्षांचं झालंय हो, आणि पाणी अडवायचं काम डायलवरचा आकडा करत नाही, आत ज्या रबराच्या बारक्या रिंगा असतात, गॅस्केट, त्या करतात. रबर कडक होतं, चिरतं, केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीच्या, कडेला गंज खाल्लेला असला तर नवी रिंग घालून पण नीट बसत नाही. म्हणजे एवढे पैसे देऊन डायव्हर घड्याळ घ्यायचं आणि हात धुताना काढून ठेवायचं, त्याला काय अर्थ.

नव्यात रूप तेवढं जुनं ठेवलंय, तासांच्या रुंद चौकोनी खुणा, जाड काटे, मोठी चावी. बाकी सगळं बदललंय. जुन्याला प्लास्टिकची काच होती, ह्याला सफायर आहे, सहजासहजी ओरखडा पडत नाही. जुन्याची चावी नुसती दाबून बसायची, ह्याची स्क्रूसारखी फिरवून घट्ट करायची असते. जुन्याचं बेझल, म्हणजे काचेभोवतीची वेळ मोजायची फिरती कडी, दोन्हीकडं फिरायचं, ह्याचं एकाच बाजूला फिरतं, आणि हे नुसतं सोयीसाठी नाही, पाण्याखाली चुकून धक्का लागून बेझल हललं तर वेळ जास्तच गेलीय असं दाखवतं, मग माणूस लवकर वर येतो, उशिरा नाही. पाण्याची हमी 200 मीटर, आणि चावी भरून काढून ठेवलं तरी 70 तास चालतं. मित्र नक्कल म्हणायलेत ते मला पटत नाही, ज्या कंपनीनं पहिलं केलं तिनंच परत केलंय.

ऑनलाइनबद्दल अजून एक सांगतो, आपल्याकडं जुनी घड्याळं म्हणून जी विकायला असतात त्यात डायल परत रंगवलेली, काटे एकाचे मशीन दुसऱ्याचं अशी भरपूर असतात, बाहेरच्या देशातले शौकीन तर अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’च म्हणतात. जुनं असून डायल अगदी कोरी करकरीत आहे, अक्षरं जाडजूड आहेत, रंग भडक आहे, तर लांब राहा. आणि त्या काळच्या काट्यांना अंधारात चमकायला किरणोत्सारी रंग लावायचे, त्याची चमक वर्षागणिक कमी होत जाते, म्हणजे साठ वर्षांनी जवळजवळ काहीच उरत नाही. नव्यातलं लूम, म्हणजे अंधारात चमकणारा रंग, उजेड पिऊन चमकतं, ते असं मरत नाही.

आता तुमच्या कामाचं, हे नीट वाचा. सरफेस ग्राइंडरचा मॅग्नेटिक चक, म्हणजे जॉब धरून ठेवणारं चुंबक, घड्याळाचा वैरी आहे. डायव्हर घड्याळाच्या आयएसओ 6425 स्टँडर्डमध्ये मॅग्नेट सहन करायची मर्यादा 4,800 अँपिअर प्रति मीटर ठरवलीय, चकच्या तोंडाशी त्याच्या कितीतरी पट असतं. आतली हेअरस्प्रिंग, म्हणजे वेळ राखणारी बारीक स्प्रिंग, मॅग्नेट झाली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढं पळायला लागतं, मग लोक म्हणतात मशीन बिघडलं, सर्व्हिसिंगला हजारो रुपये घालतात. बिघडलेलं नसतं. साधं होकायंत्र जवळ आणून बघा, सुई वळली तर डीमॅग्नेटाइझ करून, म्हणजे चुंबकपणा काढून, घ्या, मिनिटभराचं काम आहे. आणि शिफ्टला जाताना घड्याळ घरीच ठेवा, नाहीतर लॉकरला. ग्राइंडरवर घालूच नका, एवढं माझं ऐका.

प्रश्न: आमच्या खानापूर भागात पाऊस किती असतो तुम्हाला माहितीये. माझ्याकडं 100 मीटर लिहिलेलं घड्याळ आहे, ते घालून हिरीत मुटका मारला तर चालेल काय? एकजण म्हणाला उडी मारली की दाब दहापट होतो.
– एक वाचक, खानापूर

उत्तर: दहापट वगैरे काही नाही. पाण्यात दर 10 मीटरला एक ॲटमॉस्फिअर दाब वाढतो. उडीचा जो जादा दाब असतो तो ढोबळ मानानं जितक्या उंचीवरनं उडी तितक्याच खोल पाण्याइतका, म्हणजे वीस फुटावरनं मारली तर वीस फूट पाण्याएवढा. काच सपाट आपटली तर क्षणभर जास्त बसतो, पण 100 मीटरच्या घड्याळाला तोही झेपायला हवा. मात्र 30 मीटर लिहिलेलं असेल तर ते पावसाचे शिंतोडे आणि हात धुण्यापुरतंच, त्यात पोहू नका.

खरं भ्यायचं ते दुसऱ्याच गोष्टींना. चावी बाहेर राहिली का ते बघा, गळणारी घड्याळं जास्त करून तिथनंच गळतात. गरम पाणी आणि साबण रबराला मारतो, म्हणून आंघोळीला काढून ठेवा. आणि बॅटरी बदलायला झाकण उघडलं की 100 मीटरची हमी तिथंच संपली, नवी रिंग घालून प्रेशर टेस्ट करून मिळेपर्यंत. दुकानदाराला आधी विचारा, टेस्टचं मशीन आहे काय, नसेल तर उघडू देऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. तारकर्लीला स्कूबा करायला जाणार असाल तर आधी हे करून घ्या, आणि खाऱ्या पाण्यातनं आलं की साध्या पाण्याखाली धुवा, बेझल फिरवत फिरवत, नाहीतर मीठ आत अडकून घट्ट बसतं.

काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात ठेवणं, तांदळात पुरणं असलं काही करू नका. वेळ घालवला की आत गंज चढतो. त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या.

प्रश्न: मनगट बारीक आहे, 40 मिलिमीटरचं डायव्हर घड्याळ मोठं दिसेल काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: डायलचा व्यास बघू नका, पट्टा जिथं लागतो त्या वरच्या टोकापासनं खालच्या टोकापर्यंतची लांबी बघा. एसपीबी143 चा व्यास 40.5 मिलिमीटर, पण ही लांबी 47.6, जाडी 13.2. मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीनं मोजा, तो 50 मिलिमीटरच्या वर असेल तर खुशाल घ्या, कमी असेल तर दुकानात हातात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.